कडीपाटावरचे स्पीकर: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार

स्पीकर, जमीन आणि रेकॉर्ड प्लेअर यांच्यात ये-जा करणारा कंप अडवायचा आहे. कारणं दोन. आमच्याकडे गाणं लागलं की खाली राहणाऱ्या काकूंच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी वाजते. आणि रेकॉर्ड चालू असताना कुणी खोलीतून चालत गेलं की सुई उडते. पहिल्यात कंप स्पीकरकडून जमिनीत जातो, दुसऱ्यात जमिनीकडून सुईत येतो.

खोली पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. लांबी ४.६ मीटर, रुंदी ३.१ मीटर. जमीन खालून पाहिली तर कडीपाट: सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर चार बोटं मातीचा थर आणि सगळ्यात वर शहाबादी. सिमेंटच्या स्लॅबवर राहणाऱ्यांनी दिलेले सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. स्लॅब जड आणि ताठ असतो, त्याला हलवायला बळ लागतं. आमची जमीन पाहुणे दारात आले की कळवते.

स्पीकर घरीच जुळवलेले. १८ मिलिमीटर प्लायच्या बंद पेट्या, मीटरभर उंच, ८ इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), एकेकाचं वजन १९ किलो. सध्या लोखंडी टोकदार खिळ्यांवर, म्हणजे ज्यांना सगळे स्पाइक म्हणतात त्यांवर, उभे आहेत.

मोजमापाला: फोनमधलं फायफॉक्स (जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं काढलेलं फुकट ॲप, फोनच्या त्वरणमापकाचे आकडे आणि वर्णपट, म्हणजे कुठल्या हर्ट्झला किती कंप याचा आलेख, दाखवतं), लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड (खोलीतला आवाज मोजायचं सॉफ्टवेअर), एक मोजणीचा माइक, वजनकाटा, व्हर्निअर. याहून जास्त काही विकत घ्यायचं नाही, निदान कंप कुठल्या वाटेनं जातो हे कळेपर्यंत. एका दुकानात स्पीकरखाली ठेवायच्या आठ पायांची जी किंमत ऐकली, तेवढ्यात काकूंना नवी मांडणी, ताटं आणि वर फ्रिज आला असता.

६ ऑगस्ट, मंगळवार

आधी जमीन. चवड्यांवर उभं राहायचं, अंग सैल सोडायचं आणि दोन्ही टाचा एकदम जमिनीवर टाकायच्या. जमिनीचा स्वतःचा कंप शोधायची अभियंत्यांची ही जुनी पद्धत आहे, खर्च शून्य. फोन दीड फुटावर शहाबादीवर, खाली चिकणमातीची गोळी दाबून, म्हणजे तो स्वतः खडखडत नाही.

खोलीच्या मध्यावर १३ हर्ट्झला (सेकंदाला १३ कंप) ठळक शिखर. भिंतीजवळ, जिथे तुळईचं टोक भिंतीत गेलंय, तिथे तेच शिखर जेमतेम दिसतं. लाकडी जमिनींसाठी युरोकोड ५ मध्ये, म्हणजे लाकडी बांधकामाच्या युरोपीय नियमावलीत, ८ हर्ट्झची रेघ आहे. त्याच्या खाली गेलात तर वेगळी तपासणी करा म्हणतात. १३ म्हणजे आमच्या लाकडाला नावं ठेवायला जागा नाही. कुणी सुतार होता त्याचं काम चोख.

पण रेकॉर्ड प्लेअरला हेच १३ नडतं. टोनआर्म (सुईचा दांडा), काट्रिज (दांड्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) आणि स्क्रू मिळून साधारण १८ ग्रॅम, काट्रिजची लवचीकता त्याच्या कागदावर १५ दिलेली. सूत्र सोपं आहे: १५९ भागिले (वस्तुमान गुणिले लवचीकता) याचं वर्गमूळ. उत्तर ९.७ हर्ट्झ. शिफारस ८ ते १२ ची असते, म्हणजे जुळणी उत्तम. फक्त पावलांचे धक्के याच पट्ट्यात येतात, आणि जमीन १३ ला स्वतःच डोलून त्यांना हात देते. प्लेअरखाली मऊ स्प्रिंग घातल्या तर त्यांचा स्वतःचा कंप ४-५ हर्ट्झला येईल, म्हणजे पावलांच्या आणखी जवळ. तो विचार सोडला. प्लेअर जमिनीवरून उचलून भिंतीवर न्यायचा. वाड्याची भिंत दीड फूट जाड, तिच्यातलं फडताळ कितीतरी वर्षं जुन्या पंचांगांनी अडलेलं आहे. मोजून घेतलं: प्लेअर बसतो, झाकण पूर्ण उघडत नाही. झाकण काढून ठेवायचं.

एक गंमत. सगळं बंद असतानाही वर्णपटात ४८ हर्ट्झच्या आसपास बारीक उभी रेघ होती. वीज ५० हर्ट्झची, मग ४८ कुठून? थोड्या वेळानं रेघ नाहीशी झाली, पुन्हा आली. काकूंचा फ्रिज. काँप्रेसरची मोटर घसरणीमुळे ५० च्या थोडी मागेच फिरते. तेव्हा कंपाचा व्यवहार एकतर्फी नाही, त्यांचं सामानही आमच्याकडे येतं. हे त्यांना सांगितलेलं नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

काकूंना विचारून दुपारी साडेचारला मोजणी. त्या खाली मांडणीजवळ स्टुलावर, मी वर, मधे फोन चालू. एकच स्पीकर, खिळ्यांवर. २५ पासून १२० हर्ट्झपर्यंत सूर हळूहळू वर नेला. काकूंनी फक्त "आता" आणि "थांबलं" म्हणायचं होतं, पण त्या "अगं, आता वाटीपण" असंही सांगत होत्या, आणि ते जास्त उपयोगी पडलं.

दोन जागा सापडल्या. पहिली ३७ ते ४१. इथे ताटं वाजत नाहीत, सगळी मांडणीच भिंतीवर धप् धप् आपटते. वरचे दोन खिळे ढिले आहेत, खालची बाजू मोकळी. दुसरी ६८ ते ८०, सगळ्यात जोरात ७४ ला. इथे ताटं एकमेकांना चिकटून किणकिणतात आणि सांडशी अडकवलेल्या कडीत थरथरते. वाटीही याच टप्प्यात. मधे ४५ ते ६५ ला सूर वर चांगला मोठा ऐकू येत होता, खाली शांतता.

८० च्या पुढचे फोनचे आकडे वापरायचे नाहीत. माझा फोन सेकंदाला २०० वेळा मोजतो, म्हणजे १०० हर्ट्झच्या वरचं त्याला नीट दिसतच नाही. तपासायला मुद्दाम १३० चा सूर लावला, तर फोनवर रेघ ७० ला उमटली. हे माहीत नसलं तर माणूस ७० ला औषध शोधत बसेल.

आवाजाची पातळीही खाली घेतली. नेहमीच्या ए-भारित मापात आकडा नगण्य. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. आमचा आकडा दोन्हींच्या आत. पण ए-भारित माप ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ ३५ डेसिबल कापून टाकतं, ६३ ला २६ कापतं. कानाला मंद आवाजात खर्ज कमी ऐकू येतो म्हणून ते तसं बनवलंय, त्यात गैर काही नाही. मांडणीला मात्र कान नाहीत. शेजाऱ्यांच्या भांडणात "मीटरवर तर कायदेशीर येतंय" म्हणणारे आणि "आमच्या खिडक्या हलतात" म्हणणारे दोघेही खरं बोलत असतात ते यामुळे.

११ ऑगस्ट, रविवार

कागदावर हिशेब, कारण हा केल्याशिवाय रबर-स्प्रिंगची चर्चा म्हणजे अंधारात दगड मारणं.

वूफरचा हलणारा भाग, म्हणजे शंकू, ३० ग्रॅम. पेटी १९ किलो. शंकू पुढे गेला की पेटी मागे रेटली जाते, पण वजनाच्या उलट प्रमाणात, म्हणजे सुमारे सहाशेपट कमी. ५० हर्ट्झला शंकू मधल्या जागेपासून ३ मिलिमीटर पुढेमागे जात असेल तर पेटी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी हलते. ऐकायला क्षुल्लक. बळात मांडलं तर शिखराला जवळजवळ ९ न्यूटन, सरासरी धरून ६. खिळे हे बळ जसंच्या तसं शहाबादीला देतात. खिळ्यांमुळे स्पीकर जमिनीपासून "वेगळा" होतो, कंप वरून खाली जातो पण खालून वर येत नाही, वगैरे जे सांगितलं जातं, त्याला अर्थ नाही. पोलादी टोक हा ताठ सांधा आहे. स्पीकर डगमगू नये यासाठी उत्तम. अडवण्यासाठी निरुपयोगी.

आता दुसरी बाजू. शंकू ५० हर्ट्झला एवढा हलला की मीटरभर अंतरावर ९३ डेसिबलच्या आसपास आवाज होतो. दाबात ०.९ पास्कल. माझ्या जमिनीचं क्षेत्रफळ सव्वाचौदा चौरस मीटर. हवा जमिनीला दाबते ते बळ १२-१३ न्यूटन. म्हणजे पेटीच्या पायांतून जातं त्याच्या दुप्पट!

हिशेब ढोबळ आहे. दाब सगळीकडे सारखा नसतो, आणि पायांतलं बळ चार टोकांवर एकवटलेलं असतं, पसरलेलं नसतं. पण दोन्ही आकडे एकाच मापातले आहेत एवढं पक्कं. तेव्हा स्पीकरखाली जगातली उत्तम गोष्ट ठेवली तरी हवेतून जाणारा वाटा तिथल्या तिथे राहणार. किती, ते मोजायचं.

३७ हर्ट्झवर संशय आहेच. आवाजाचा वेग ३४३ मीटर, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट ९.२, उत्तर ३७.३. म्हणजे मांडणी आपटते तो सूर आमच्या खोलीच्या लांबीचा आहे.

१४ ऑगस्ट, बुधवार

रबर. वॉशिंग मशिनखाली घालतात ते काळे रबरी पाय बोहरी आळीतून आणले. स्पीकर ठेवल्यावर व्हर्निअरनं पाहिलं तर जेमतेम अर्धा मिलिमीटर दबले.

किती दबलं यावरून आधाराचा स्वतःचा कंप काढता येतो: १५.८ भागिले, जितके मिलिमीटर दबलं त्याचं वर्गमूळ. अर्ध्या मिलिमीटरला २२ हर्ट्झ. त्यातही रबराचा कावा असा की हळू दाबलं तर मऊ, भराभर हलवलं तर ताठ. म्हणून प्रत्यक्षात २७ ते ३० धरायचं. अडवण्याचं काम त्या आकड्याच्या १.४ पटीपासून पुढे सुरू होतं, म्हणजे ४० च्या वर. त्याच्या आत रबर उलट भर घालतं.

फोननं तेच दाखवलं. स्पीकरशेजारी जमिनीचा कंप ७४ ला तिसऱ्या हिश्श्यावर आला, ३५ ला मात्र खिळ्यांपेक्षा दुप्पट. "रबर घातलं आणि बास जास्तच घुमायला लागला" असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढू नये.

संध्याकाळी सातनंतर मोजणी बंद. ढोल पथकाचा सराव सुरू झाला. दोन गल्ल्या पलीकडून येणारा ठोकाही आमच्या जमिनीवर फोनला स्वच्छ दिसतो, आणि त्याच्या पायाखाली स्प्रिंग घालायची सोय नाही. तोही अर्थात हवेतूनच येतो.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. आजचा प्रयोग या सगळ्या कामातला महत्त्वाचा.

प्रश्न: स्पीकरचा जमिनीशी संबंधच तोडला तर खाली काय उरतं? जे उरेल ते हवेचं. जे जाईल ते पायांचं. कुठलाही पाय, कितीही महाग, याच्यापुढे जाऊ शकत नाही.

दिवाणखान्याच्या तुळईत झोपाळ्याचे चार आकडे आहेत, झोपाळा कधीच माळ्यावर गेला. स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे कापले, कॅरिअरला सामान बांधायला वापरतात तसे. आकड्यांना सुती दोर, दोराला ट्यूबचे पट्टे, पट्ट्यांना फळी, फळीवर स्पीकर, आणि स्पीकरच्या कमरेला वेगळा दोर म्हणजे पट्टा तुटला तरी पेटी आडवी होणार नाही. खाली दोन बोटं जागा सोडून गादी. पट्टे वजनानं वीतभर ताणले गेले. एवढ्या ताणाला आधाराचा कंप २ हर्ट्झच्या आसपास येतो, रबर कितीही ताठरलं तरी. आपल्या कामापुरता हा स्पीकर अधांतरी.

घरातल्यांनी फोटो काढले. "आता याला झोका कोण देणार" वगैरे झालं.

काकू पुन्हा स्टुलावर. तोच सूर, तीच पातळी. माइक ऐकायच्या जागी ठेवून पातळी सारखी करून घेतली होती, कारण स्पीकरची उंची बदलली की खोलीतला आवाजही बदलतो.

६८ ते ८०: ताटं गप्प. सांडशी गप्प. फोनवर ७४ ची रेघ खिळ्यांच्या मानानं दहाव्या भागावर. काकू म्हणाल्या, "लावलंयस ना?"

३७ ते ४१: धप् धप् तशीच. ३९ ला फोनवरचा फरक इतका थोडा की दोनदा मोजलं तर तेवढा आपोआप पडेल.

म्हणजे तक्रार एक वाटत होती, त्या दोन निघाल्या. किणकिण जमिनीतून येते, आपटणं हवेतून. पहिलीला स्पीकरखाली काहीतरी घालून उतारा आहे. दुसरीला नाही, तिथे पाय बदलत बसणं फुकट. आणि उताऱ्याची मर्यादाही ठरली: ७४ ला दहावा भाग. त्याच्या जवळपास पोचणारी कुठलीही स्वस्त वस्तू मला पुरे.

१८ ऑगस्ट, रविवार

जुना बाजार. स्प्रिंगांचं अख्खं पोतं घेऊन बसलेला माणूस सापडला. "कशाला हव्यात?" "स्पीकरखाली." त्यानं काही विचारलं नाही, यावरून त्याच्याकडे काय काय लोक येत असतील याची कल्पना आली.

निवडताना अट अशी: एकाच जातीच्या आठ, तारेला गंज नाही, दोन्ही टोकं घासून सपाट केलेली, आणि उंचीपेक्षा रुंदी फार कमी नको. उंच, बारीक स्प्रिंग भाराखाली बाजूला वाकते. तळहातानं दाबून जी "बसते पण ढेपाळत नाही" ती घेतली. बाकी घरी काट्यावर.

घरी व्यायामाची १० किलोची तबकडी ठेवून मोजलं: ५ मिलिमीटर दबते. आठही स्प्रिंगांत फरक इतका कमी की जोड्या लावायची गरज पडली नाही. वेटोळी एकमेकांना टेकायला अजून भरपूर जागा आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

जुळणी. उंच स्पीकर थेट स्प्रिंगांवर ठेवला तर धक्का लागून कलंडेल, म्हणून मधे रुंद पाया हवा. ओट्याच्या कामातून उरलेले कडप्प्याचे तुकडे फरशीवाल्याकडून ४० बाय ४५ सेंटिमीटर कापून घेतले, जाडी २. एकेकाचं वजन पावणेदहा किलो. हे वजन फुकटचं नाही: आधारावर जितकं जड, तितका कंप खाली. कडप्पा ठिसूळ, कोपरा टेकवून उभा करू नये. चारही कोपरे थोडे गोल करून घेतले.

स्पीकर आणि कडप्पा मिळून २९ किलो, चार स्प्रिंगांवर सव्वासात-सव्वासात. दबणार ३.६ मिलिमीटर, स्वतःचा कंप ८.३ हर्ट्झ. जमिनीच्या १३ पासून लांब, आणि संगीत जिथून सुरू होतं तिथून खूप खाली. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ ला, आमच्या घरी जास्त वाजणारा पखवाज त्याच्याही वर.

स्प्रिंग घसरू नये म्हणून पीव्हीसी पाइपाची टोपणं, एक खाली, एक वर उलटं. वरचं टोपण कडप्प्याला चिकटवलेलं, खालच्याखाली पातळ नमदा, म्हणजे शहाबादीच्या खडबडीवर बसेल. टोपणांच्या कडा एकमेकींना शिवता कामा नयेत. शिवल्या की कंपाला पूल मिळाला, मग स्प्रिंग नुसती शोभेची. दोन टोपणांत कागद सरकवून चारही बाजूंनी फिरवला.

वजन मागेपुढे सारखं नसतं, हे बहुतेक जण विसरतात. वूफरचं लोहचुंबक पुढे. पेटीची पुढची कड काट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवली: पुढे ११.२, मागे ७.८. असंच मधोमध ठेवलं तर पुढच्या स्प्रिंगा जास्त दबून स्पीकर वाकून नमस्कार करतो. पेटी कडप्प्यावर दोन बोटं मागे सरकवली, पाणसळ ठेवली, बुडबुडा मधे.

आता उभा स्पीकर हातानं ढकलला की सेकंदाला दोन-अडीच हेलकावे घेतो. पोलादी स्प्रिंगेला स्वतःहून थांबायची सवय नाही. प्रत्येक स्प्रिंगेच्या पोटात पादत्राणाच्या फोमचा बोळा सैलसर घातला. दाबून भरायचा नाही, नाहीतर फोमच आधार होऊन बसतो. हेलकावे आता दोन-तीनमध्ये संपतात. शिवाय मागच्या भिंतीतल्या हुकाला सैल पट्टी, घरात लहान मूल येतं म्हणून.

३१ ऑगस्ट, शनिवार

मोजणी. ७४ हर्ट्झ, खाली मांडणीवर: खिळ्यांच्या आठव्या भागावर.

सूत्र सांगतं की ८.३ च्या आधारावर ७४ चा कंप सत्तराव्या भागाहूनही कमी उरायला हवा. आठवा आणि सत्तरावा यातलं अंतर कुणाला निराश करेल. पण सूत्रात जमीन अचल धरलेली असते, आमची नाही. जमिनीची स्वतःची लवचीकता आधाराच्या जवळपास आली की हिशेब कोसळतो. आणि हवेची वाट उघडीच आहे. अधांतरी टांगलेला स्पीकर दहाव्या भागावर आला होता, त्यापुढे आठवा म्हणजे जवळजवळ सगळं मिळालं. स्प्रिंगा आणखी मऊ केल्या तरी हातात काही पडणार नाही, डोल तेवढा वाढेल.

वर ऐकताना फरक? आहे. तबल्याच्या बायाचा घुमारा आता ठोक्यानंतर लवकर संपतो, आधी तो पायांना कळत राहायचा. खर्ज एकूण थोडा कमी वाटतो, जमीन वाजायची थांबली म्हणून. घरातल्या एकाला आधीचंच आवडत होतं. खिळ्यांवर गाणं "भरल्यासारखं" वाटायचं म्हणे. असेल. भरणा काकूंच्या ताटांचा होता.

काकूंकडून: किणकिण गेली, आपटणं आहे. अपेक्षेप्रमाणे.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. मोजणीचा प्रश्नच नाही. मंडळाच्या स्पीकरच्या भिंतीपुढे आमची मांडणी, काकूंची मांडणी, सगळ्या पेठेतल्या मांडण्या एकाच तालात. फोन फडताळात ठेवून एकदा सहज पाहिलं, भिंतसुद्धा बोलत होती.

२२ सप्टेंबर, रविवार

हवेची वाट. इथे तीन उपाय हातात आहेत: खोलीतला ३७-४१ चा दाब कमी करणं, ते सूर स्पीकरला कमी देणं, आणि खाली जे आपटतं ते आपटू न देणं. जमीन जड करणं हा चौथा, पण कडीपाटावर वाळूचा थर वाढवायचा सल्ला कुणी दिला तर आधी तुळयांची टोकं भिंतीत कुजलेली नाहीत ना हे बघणारा माणूस आणावा. जुन्या वाड्यात ओझं वाढवणं हा गमतीचा विषय नाही. तो सोडला.

पहिला. लांबीच्या सुरात दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सगळ्यात जास्त, मध्यावर शून्य. स्पीकर आखूड भिंतीला टेकून होते, म्हणजे त्या सुराला नेमकी जिथे धार लावायची तिथेच. भिंतीपासून लांबीच्या चतुर्थांशावर, १.१५ मीटर, आणले तर हिशेबानं ३ डेसिबल कमी. माइकनं जवळपास तेवढंच दाखवलं. पण तेवढं पुढे आणलं की दाराकडे जायला वाट उरत नाही. ८० सेंटिमीटरवर तडजोड.

दुसरा. लॅपटॉपमधल्या प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये ३८ हर्ट्झला अरुंद खाच, ८ डेसिबलची. ऐकताना काही गेल्यासारखं वाटत नाही, कारण तिथे खोलीनं स्वतःच फुगवून ठेवलं होतं, ते फक्त सपाट झालं. रात्री दहानंतर वेगळं सेटिंग: ६० च्या खालचे सूर उतरते. रेकॉर्ड लावताना मात्र यातलं काही लागू होत नाही, तिथे सगळी साखळी बिनसंगणकाची. रात्री रेकॉर्ड नाहीत, एवढा साधा नियम.

आपटणं आता फक्त आवाज मोठा असताना, तेही ३९ च्या आसपास.

६ ऑक्टोबर, रविवार

तिसरा उपाय, आणि सगळ्यात स्वस्त. काकूंना विचारून मांडणी उतरवली. खालच्या बाजूला भिंतीत दोन प्लग, दोन स्क्रू, लोखंड आणि भिंत यांच्यामधे नमद्याच्या चकत्या. वरचे जुने खिळे काढून तिथेही स्क्रू. भिंत मातीच्या गाऱ्याची, प्लग नुसता फिरत राहतो, म्हणून भोक मोठं करून लाकडी खुंटी ठोकली आणि स्क्रू खुंटीत. ताटांच्या खणाला मागून कापडी पट्टी.

काकूंनी विचारलं, हे आधी का नाही केलं? प्रश्न रास्त आहे. आधी केलं असतं तर त्यांची ताटं थांबली असती, पण त्यांच्या बिछान्यात जो थरकाप जातो, ज्याबद्दल त्या आजवर बोलल्याच नव्हत्या, तो ७४ चाच होता. तो स्प्रिंगांनी गेला. हे त्यांनी आज स्क्रू फिरवताना सांगितलं.

चहा, पोहे. फ्रिजचं सांगून टाकलं. त्यांच्या फ्रिजचे मागचे दोन पाय वर करायचे राहिले होते. आता त्याच्याखाली तेच वॉशिंग मशिनचे काळे पाय बसवलेत. ४८ हर्ट्झला त्या रबराचा उपयोग होतो, काँप्रेसरच्या सुराच्या खाली काही पडत नाही म्हणून. वर आमच्या जमिनीवरची रेघ निम्म्यावर आली.

२० ऑक्टोबर, रविवार

प्लेअर फडताळात. खाली कडप्प्याचा उरलेला तुकडा, तुकड्याखाली काही नाही, तो थेट भिंतीतल्या दगडी तळावर. सुई रेकॉर्डवर ठेवून खोलीभर उड्या मारून पाहिल्या. सुई जागची हलत नाही. फडताळाचा तोटा एकच: रेकॉर्ड ठेवताना हात वाकडा करावा लागतो, आणि त्या पोकळीत आवाज साचतो. आवाज मोठा केला की प्लेअर स्वतःचाच खर्ज पुन्हा उचलू लागतो. आत मागच्या भिंतीला जुनी सतरंजी घडी करून लावली तर मधल्या सुरांत फरक पडला, खर्जात नाही, जाडीच तेवढी नाही. आवाजाच्या बटणावर खूण केली आहे, त्यापुढे जायचं नाही.

स्प्रिंगांची उंची पुन्हा मोजली: सातांत बदल नाही, उजव्या स्पीकरची मागची डावी अर्धा मिलिमीटर खाली. स्प्रिंग बसलेली नाही, तिच्याखालची शहाबादी पोकळ वाजते, सांध्यातला चुना गेलाय. टोपणाखाली वॉशर घातला. पावसाळा संपला, लाकूड आता सुकून आक्रसेल, तेव्हा टाचांची चाचणी आणि पाणसळ जानेवारीत पुन्हा. फोमचे बोळे तेव्हाच बदलायचे.